मोगलीची जुनी चित्रं: गोव्यात कशी जमवायची आणि पावसाळ्यातून कशी तारायची

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पितळी समया आणि बंद पडलेल्या रेडिओंच्या मधोमध, मला माझा पहिला किपलिंग सापडला. हातात मावेल एवढं, मऊ लाल चामड्याचं पुस्तक. वर सोनेरी हत्तीचं मस्तक, सोंडेत कमळ, शेजारी स्वस्तिक. विक्रेत्याने आतली इंग्रजी अक्षरं बघितलीच नसावीत, वरची चिन्हं मात्र त्याच्या ओळखीची होती. ‘गणपतीची पोथी आहे, बाब. दोनशे द्या,’ तो म्हणाला. मी घासाघीस केली नाही. पोथी म्हणून घरी आलेलं ते पुस्तक ‘जंगल बुक’ निघालं.

ज्या चिन्हाने त्याला चकवलं, त्याच चिन्हाने मला पुस्तकाचं वय सांगितलं. ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड किपलिंग, जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. आपल्याकडे उंबऱ्यावर काढतात तेच स्वस्तिक त्याने शुभचिन्ह म्हणून आपल्या पुस्तकांवर वर्षानुवर्षं वापरलं. १९३०च्या दशकात जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर मात्र त्यानेच ते ठशातून काढून टाकायला लावलं. म्हणजे हत्तीशेजारी स्वस्तिक असलेली मॅकमिलनची, म्हणजे त्याच्या लंडनच्या प्रकाशकाची, प्रत दिसली, तर ती बहुधा त्याआधीची. उलटा नियम लावू नका. स्वस्तिक नसलेल्या सगळ्याच प्रती नंतरच्या नसतात, कारण प्रत्येक बांधणीवर ते छापलेलं नव्हतं.

हा छंद मी पंधराएक वर्षं करतोय. या काळात केलेल्या चुका तुम्हाला परत कराव्या लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या आवृत्तीचा हट्ट सोडा, चित्रकार धरा

नवा संग्राहक आधी विचारतो, ‘पहिली आवृत्ती कितीला पडेल?’ ‘जंगल बुक’च्या दोन्ही खंडांची चांगल्या अवस्थेतली पहिली जोडी लाखांच्या घरात जाते. शिवाय एवढे पैसे ओतून तिला गोव्याच्या हवेत ठेवायचं म्हणजे रात्रीची झोप गमावणं. त्यापेक्षा चित्रकारांच्या मागे लागा. एकच मोगली वेगवेगळ्या हातांनी कसा काढला, हे शेजारी शेजारी ठेवून बघण्यात जी गंमत आहे ती एका महागड्या निळ्या पुस्तकात नाही.

क्रम साधारण असा. ‘द जंगल बुक’ १८९४ साली लंडनला मॅकमिलनने काढलं. निळं कापड, वर सोनेरी हत्ती, आत सात कथा, २१२ पानं. शीर्षकपानावर तीन चित्रकारांची नावं आहेत: जे. एल. किपलिंग, डब्ल्यू. एच. ड्रेक आणि पी. फ्रेन्झेनी. त्याच वर्षी न्यूयॉर्कला सेंच्युरी कंपनीने हिरव्या कापडात अमेरिकन आवृत्ती काढली. १८९५ला ‘द सेकंड जंगल बुक’ आलं, आठ कथांचं. त्यातली सजावट एकट्या जे. एल. किपलिंगची, म्हणजे लेखकाच्या वडिलांची.

हे वडील आपल्याला जवळचे वाटायला हरकत नाही. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ला मुंबईत आले आणि १८७५ला लाहोरला गेले. मधल्या दहा वर्षांतलं त्यांचं काम आजही रस्त्यावरून दिसतं. कोकणकन्येने मुंबईला गेलात, तर क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारांवरची उठावशिल्पं बघून या. भारतातल्या माणसांवर आणि जनावरांवर त्यांनी १८९१ साली एक वेगळं सचित्र पुस्तकही लिहिलं. बैलाचं जू कसं असतं, घागर कशी धरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ड्रेकची चित्रं मुळात ‘सेंट निकोलस’ या न्यूयॉर्कच्या मुलांच्या मासिकासाठी केलेली. मुंगसाची कथा तिथे नोव्हेंबर १८९३ला आली आणि ‘मोगलीज ब्रदर्स’ जानेवारी १८९४ला. मला ड्रेकचं जंगल थोडं नाटकाच्या पडद्यासारखं वाटतं. दुसरा खंड अनेकजण ‘जोडीला’ म्हणून घेतात. माझ्या मते चित्रांसाठी आधी तोच घ्यावा.

यानंतर डेटमोल्ड. मॉरिस आणि एडवर्ड हे जुळे भाऊ, जन्म १८८३चा. १९०३ला, म्हणजे विशीच्या आसपास, त्यांची जंगल बुकवरची १६ जलरंगचित्रं मॅकमिलनने सुट्या पानांच्या मोठ्या संचात काढली. पुस्तकाच्या रूपात ती १९०८ला आली, आणि त्याच वर्षी मॉरिस गेला. मूळ संच अखंड मिळणं कठीण, कारण अनेकांनी चित्रं सुटी करून चौकटीत घातली. १९०८चं पुस्तक मात्र चिकाटीने शोधलं तर सापडतं.

तिसरा टप्पा स्वस्तातला आणि आनंदाचा. १९३३ला मोगलीच्या सगळ्या कथा एका खंडात आल्या, स्टुअर्ट ट्रेसिलियनच्या चित्रांसह. मोगलीची पहिली छापलेली कथा ‘इन द रुख’ ही जंगल बुकच्याही आधी, १८९३च्या ‘मेनी इन्व्हेन्शन्स’ या संग्रहात आली होती. तीही या खंडात आहे. पुनर्मुद्रणं भरपूर झाल्यामुळे हे पुस्तक अजून परवडतं. सुरुवात इथून करा.

फ्रेंचमध्ये पॉल जूव्हची १९१९ची आवृत्ती आहे, जेमतेम सव्वाशे प्रतींची. तिचे फोटो बघावेत आणि चहा घ्यावा.

शीर्षकपान आणि त्याची पाठ

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघून हरखू नका. सरळ शीर्षकपान उघडा. खाली प्रकाशकाचं नाव कसं छापलंय? मॅकमिलन १८९६ साली ‘लिमिटेड’ झाली. म्हणून नुसतं ‘मॅकमिलन अँड कंपनी’ असेल तर छपाई त्याआधीची आणि ‘लिमिटेड’ जोडलेलं असेल तर नंतरची. लंडनसोबत मुंबई-कलकत्त्याची नावं दिसली तर आणखी पुढची, विसाव्या शतकातली.

मग पान उलटा. मॅकमिलनची एक चांगली सवय होती: पुनर्मुद्रणांची यादी पानाच्या पाठीवर द्यायची. ‘पहिली आवृत्ती मे १८९४’ या ओळीवर समाधान मानून पैसे देणारे मी बघितलेत. त्या ओळीखालचं शेवटचं साल म्हणजे तुमच्या प्रतीचं साल. पहिली ओळ फक्त वंशावळ सांगते.

कधी कधी शीर्षकपानच फाडलेलं असतं किंवा दुसऱ्या प्रतीतलं आणून डकवलेलं असतं. पान शिवणीत कसं बसलंय ते बघा. कागदाचा रंग शेजारच्या पानांशी जुळतो का? कडा एका रेषेत आहेत का?

महाग पुस्तकांच्या वर्णनात विक्रेते ‘लिव्हिंगस्टन’, ‘स्टुअर्ट’ किंवा ‘रिचर्ड्स’ असं नाव आणि पुढे क्रमांक लिहितात. या किपलिंगच्या ग्रंथसूच्या आहेत, अनुक्रमे १९२७, १९५९ आणि २०१०च्या. क्रमांक दिला म्हणजे विक्रेत्याने अभ्यास केलाय असं नेहमीच नसतं, पण क्रमांक विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नये.

चित्रं मोजल्याशिवाय पाकीट काढू नका

सचित्र पुस्तकातून सर्वात आधी चित्रंच गायब होतात. मुलं फाडतात, मोठी माणसं चौकटीत घालतात. पुढच्या पानांत चित्रांची यादी असेल तर ती उघडी ठेवून एकेक चित्र शोधा. १८९४च्या आवृत्तीची स्कॅन केलेली पानं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. ती आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा, कारण म्हापशाच्या बाजारात रेंज मिळेलच असं नाही. डेटमोल्डची सोळा म्हणजे सोळाच. पंधरा असतील तर निम्म्या किमतीलाही मी विचार करेन. हरवलेलं एक चित्र नंतर सुटं मिळेल, ही आशा खर्चिक असते.

शीर्षकपानासमोरच्या चित्रावर जो पातळ झिरझिरीत कागद असतो, तो आहे का बघा. नसला तर भाव उतरवायला चांगलं कारण मिळतं.

चित्रांची पानं बऱ्याचदा गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदाची असतात. हा कागद भिजून वाळला की शेजारच्या पानाला गोंद लावल्यासारखा चिकटतो. सोडवायला गेलात तर रंग उचकटून येतो. ओलीतून गेलेल्या घरातलं पुस्तक असेल तर हे हमखास तपासा. पुस्तक थोडं वाकवून पानं मोकळी सुटतात का, एवढं बघितलं तरी पुरतं.

तांबूस ठिपके पडलेले असतील तर फार घाबरू नका. आपल्या हवेत शंभर वर्षं काढलेल्या कागदाला ते असणारच. चित्राच्या मधोमध, चेहऱ्यावर ठिपका असेल तर मात्र मी सोडून देतो. काळे किंवा हिरवट, बोटाला पूड लागणारे डाग म्हणजे जिवंत बुरशी. तसलं पुस्तक पिशवीतल्या इतर पुस्तकांना चिकटून ठेवायचं नाही.

नकली माल ओळखायच्या दोन युक्त्या. खिळ्यांनी छापलेल्या जुन्या पानावर अक्षराचा दाब उमटतो. पान उजेडाकडे तिरपं धरून मागच्या बाजूने हलकंच बोट फिरवा, किंचित खडबड जाणवते. ऑफसेटच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या, छपाईचं पान सपाट लागतं. दुसरी युक्ती नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चची. साधारण १९५०नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात आणि तो कागद टॉर्चखाली निळसर चमकतो. १८९४चा कागद तसा चमकत नाही. न चमकणारा प्रत्येक कागद जुनाच, असं मात्र नाही.

शोधायचं कुठे

गोव्यात इंग्रजी पुस्तक कुठून येणार, इथे तर १९६१पर्यंत पोर्तुगीज होते, असं लोक विचारतात. उत्तर माळ्यावरच्या पेटाऱ्यात आहे. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, बेळगावला, कराचीला, पूर्व आफ्रिकेला नोकरीसाठी गेली आणि निवृत्तीला गावी परतली. सोबत मुलांच्या शाळेची बक्षिसाची पुस्तकं आली. फोंडा, डिचोली, पेडणे भागांतल्या हिंदू घरांत मराठी पोथ्यांच्या खाली, सासष्टी-बार्देशातल्या घरांत पोर्तुगीज प्रार्थनापुस्तकांच्या शेजारी, अशी इंग्रजी पुस्तकं मी बघितली आहेत. आतल्या पानावर शाळेची बक्षीसपट्टी चिकटवलेली असते. ती काढू नका, कधीच.

घरांत शिरायचे काही नियम आहेत. वाटणी चालू असलेल्या घरात विकत मागायला जाऊ नये; आज एक भाऊ देतो, उद्या दुसरा दारात येतो. म्हाताऱ्या माणसांना ‘हे रद्दीत जाईल’ असं सांगून पुस्तक काढून घेणं ही चोरीच. मी किंमत माहीत असेल तेवढी खरी सांगतो, आणि बऱ्याचदा पुस्तक न घेता फक्त ते नीट कसं ठेवायचं ते सांगून येतो. दोन वर्षांनी फोन येतो, ‘आता घेऊन जा, आमच्याकडे बघायला कोणी नाही.’ माझ्या कपाटातली तीन पुस्तकं अशीच आली.

बाजारांत म्हापशाचा शुक्रवार आणि हंगामात हणजुणेचा बुधवार. किनाऱ्यालगतच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पर्यटकांनी टाकलेल्या कादंबऱ्या ढिगाने असतात, पण हंगाम संपताना, एप्रिलच्या आसपास, मधूनच एखादं चांगलं जुनं पुस्तक निघतं. मुंबईला हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर सकाळी लवकर जावं. आणि जुनं पुस्तक हाताळायची बोटांना सवय लागावी म्हणून पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात वाचक म्हणून बसत जा. संस्था १८३२ची आहे, आणि जुना कागद कसा उलटायचा हे तिथे न शिकवता कळतं.

लांबून मागवताना धोका वेगळा. ऑनलाइन यादीत ‘१८९४, चामडी बांधणी, सोनेरी नक्षी’ असं लिहिलेलं असतं, किंमत दोन-तीन हजार. खाली बारीक अक्षरांत ‘पुनर्मुद्रण’. म्हणजे स्कॅन केलेली पानं कालपरवा छापून चामड्यात बांधलेली. मी एकदा फसलोय. पुस्तक आलं तेव्हा नव्या शाईचा वास येत होता. म्हणून विक्रेत्याकडे चार फोटो मागा: शीर्षकपान, त्याची पाठ, चित्रांची यादी, आणि पुस्तक वरून, शिवण दिसेल असं. नेहमीचा नमुनाफोटो पाठवला तर सोडून द्या. परदेशातून मागवलंत तर टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी विचारून घ्या. आणि जून ते सप्टेंबर काहीच मागवू नका. पावसात टपालाची पिशवी कुठे आणि किती वेळ उभी राहील, सांगता येत नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवस वेगळं

नवं आलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवायचं नाही. आत कसर असू शकते, तिची अंडी असू शकतात. दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस अजिबात उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दंव धरतं. घरचे लोक वैतागतात. आमच्याकडे सुरमई आणि शेरखान एकाच कप्प्यात असतात. पुस्तक ओलसर असेल तर आधी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण कोरडं करा, मगच फ्रीजर.

बुरशी दिसली तर आधी वाळवणं, नंतर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटकणं. ओलं फडकं नको. सॅनिटायझर तर मुळीच नको.

लाल चामड्याच्या छोट्या प्रतींना आपल्याकडचे लोक प्रेमाने खोबरेल लावतात. कृपा करून लावू नका. चामडं काळं पडतं, तेल पानांत उतरतं आणि बुरशीला मेजवानी मिळते. चामड्याची लाल पूड सुटत असेल तर पुस्तक साध्या आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद दहा वर्षांत पिवळा पडतो आणि डाग जात नाही. बाईंडरकडे दिलंत तर तो उत्साहाने कडा कापून, नवं रेक्झिन चढवून देईल, आणि तुमच्याकडे शंभर वर्षांचं नवंकोरं पुस्तक उरेल. सुटलेला पुठ्ठा सुती फितीने बांधून ठेवलेला चालतो.

पुस्तकांची आगोट

मृगाआधी घरोघर मीठ, मिरच्या, सुके बांगडे भरून ठेवतात तेव्हाच पुस्तकांची आगोटही करायची. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांवर असते. कागदाला ५०च्या आसपास बरं वाटतं. ६५च्या वर बुरशीची तयारी सुरू होते. आधी एक आर्द्रतामापक घ्या, साधा, डिजिटल. त्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे.

माझी मोठी चूक या बाबतीतली. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून, काचेच्या कपाटात मी ट्रेसिलियनच्या दोन प्रती ठेवल्या होत्या. चिरा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. ऑगस्टमध्ये काच आतून धुरकट झाली, आणि चतुर्थीला उघडलं तेव्हा एका प्रतीची चित्रपानं विटेसारखी एकजीव झाली होती. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, बाहेरची भिंत सोडून आतल्या खोलीत, आणि खालचा कप्पा रिकामा.

मोजकी, मोलाची पुस्तकं असतील तर कपाटापेक्षा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा बरा. मेच्या कोरड्या दुपारी पुस्तकं आत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रतामापक. निळ्या रंगाचं सिलिका जेल घेऊ नका, त्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत तापवून परत वापरता येतं. आकडा ४०च्या खाली गेला तर एखादी पिशवी काढा. फार कोरड्या हवेत चामडं तडकतं. एसी दिवसा बंद, रात्री चालू, असं करत असाल तर त्यापेक्षा एसी नसलेली खोली परवडली.

डांबरगोळ्या आजीच्या साड्यांनाच राहू देत. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर पूर्ण वाळवून, सुती पुरचुंडीत. सुटी पानं कागदावर ठसे सोडतात.

प्रत्येक पुस्तकाची एका वहीत नोंद ठेवा: कधी, कुठून, कितीला, चित्रं किती, कुठल्या पानावर कसला डाग. डाग वाढतोय का, हे पुढच्या वर्षी वहीच सांगते, आठवण सांगत नाही.

पाऊस सरला की डबे उघडायचा आमचा दिवस ठरलेला आहे, दसऱ्याचा. सरस्वतीपूजनाला पाटावर पुस्तकं मांडायचीच असतात, त्यामुळे एकेक उघडून, पानं मोकळी करून, वास घेऊन, वहीशी ताडून बघणं आपोआप होतं. म्हापशाची ती ‘पोथी’ दरवर्षी पाटावर असते. हळदकुंकू मात्र आई तिच्याखाली अंथरलेल्या कागदाला वाहते.